रंगरावांचं उपोषण

आमच्या घरात सध्या माणसं चार, रंगराव एक, आणि रातकिडे किती ते नक्की सांगता येणार नाही. ते आले होते रंगरावांचं जेवण म्हणून. पण रंगरावांनी अन्नत्याग केला आणि जेवणानं संधी साधून कपाटामागे संसार थाटला.

रंगराव म्हणजे आमचा शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. मूळ घराणं येमेनकडचं, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा आणि चेहऱ्यावर पेन्शनीत निघालेल्या मामलेदाराचा भाव. शॅमेलिऑन या नावाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला 'जमिनीवरचा सिंह' आहे, हे मी मुलीला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. हा सिंह जमिनीवर जवळजवळ कधीच उतरत नाही, आणि त्या आठवड्यात तर शिकारच त्याच्या पाठीवर चढून बसली होती. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. आमच्या सरड्याची धाव वरच्या फांदीपासून खालच्या फांदीपर्यंत होती, तीही आता बंद.

पहिले दोन दिवस मी दुर्लक्ष केलं. मोठ्या वयाचा शॅमेलिऑन एखाद-दोन दिवस जेवला नाही तरी काही बिघडत नाही, असं वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी वजनकाटा काढला. महिन्यापूर्वी ११८ ग्रॅम होते, आता १०९ भरले. नऊ ग्रॅम! माझे नऊ किलो उतरले असते तर घरात आनंद झाला असता, पण रंगरावांकडे उतरवायला मुळात होतंच किती!

मग मी पिंजऱ्यासमोर ठाण मांडलं. रातकिडा चिमट्यात धरून नाचवला. रंगरावांचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. एक डोळा रातकिड्यावर ठेवला आणि दुसऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. एकाच वेळी दोघांकडे इतक्या तुच्छतेनं बघता येणारा दुसरा प्राणी माझ्या माहितीत नाही. "हा घास काऊचा" इथपर्यंत मजल गेली, तेव्हा बायको दारातून म्हणाली, "मुलीच्या वेळेला कुठे होतास रे?"

रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. शॅमेलिऑन रंग कसा बदलतो, हे २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्वचेतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो. स्फटिकांचं सगळं समजलं. ज्याच्या अंगात ते आहेत त्याला जेवायला कसं बसवायचं, हे मात्र त्यात कुठे सापडलं नाही.

पाचव्या दिवशी एक गोष्ट दिसली आणि माझं हसू पळालं. रंगरावांनी दोन्ही डोळे पुढे आणून रातकिड्यावर रोखले. म्हणजे नेम धरला. तोंड उघडलं, जीभ निघाली आणि अर्ध्या वाटेतच दमून परत आली. एरवी ही जीभ शरीराच्या लांबीपेक्षाही पुढे जाते. रंगरावांनी तोंड मिटलं आणि दुसरीकडे असं बघितलं, जणू त्यांना जांभईच द्यायची होती. ते उपोषण नव्हतंच. जमत नव्हतं, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणाऱ्या डॉक्टर शोधून काढल्या. डॉक्टरांनी हात न लावता रंगरावांकडे बराच वेळ पाहिलं, मग मला विचारलं, "अतिनील दिवा कधी बदललात?"

"बदलायचा कशाला? लागतो की अजून! दीड वर्ष झालं, एकदाही उडाला नाही."

उजेड पडतो म्हणून दिवा चालू आहे असं समजणारा मी पहिला नसावा, कारण डॉक्टर दचकल्या नाहीत. दिवा दिसायला तसाच प्रकाश देत राहतो, पण त्यातले अतिनील किरण कधीच आटलेले असतात. ते नसले की ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि स्नायू ढिले पडतात. जिभेचेही. "पण मी पिंजरा रोज उन्हाच्या खिडकीत ठेवतो," मी शेवटचा बचाव मांडला. "खिडकीला काच आहे?" होती. काच नेमके तेच किरण अडवते. दीड वर्ष मी रंगरावांना उन्हाचं चित्र दाखवत होतो.

नवा दिवा, पानांवर जास्त वेळा पाण्याचा फवारा (कारण रंगराव वाटीतलं पाणी पीत नाहीत, थेंबच लागतात), उरलेले रातकिडे रात्री बाहेर काढणे, नाहीतर तेच यांना चावतात, आणि समोर बसून टक लावून बघणं पूर्ण बंद. "टक लावून बघणारा त्यांच्या दृष्टीनं शिकारी असतो," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे आठवडाभर मी प्रेमानं बघत होतो आणि तो मरणाची वाट बघत होता.

शिवाय कॅल्शियमचं औषध, दिवसातून दोनदा, थेट तोंडात. तोंड जबरदस्तीनं उघडायचं नाही. "थोडा राग आणा, आपोआप आ वासेल."

आता लोकांना राग आणण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ऑफिसात मी नुसता "एक सुचवू का?" म्हणालो तरी माणसं लाल होतात. पण रंगराव ढिम्म. बोट हलवलं, तुऱ्याजवळ टिचकी वाजवली, तोंड वेंगाडलं. एका डोळ्यानं माझ्याकडे बघून त्यांनी दुसरा मिटला.

तेवढ्यात आई खोलीत आली. रंगराव क्षणात काळे पडले, गळा फुगवला, डुलायला लागले आणि फिस्स करून एवढा मोठा आ वासला की मी औषध सोडायचंच विसरलो.

"मला बघून? मी काय केलंय याला?" आईनं विचारलं.

"काही नाही गं, तू फक्त तिथेच उभी राहा."

पुढचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ आई ड्यूटीवर. ती दारात दिसली की रंगराव आ करायचे, मी थेंब सोडायचो, आई "कृतघ्न मेला" म्हणून निघून जायची. तिच्यात असं काय होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. बायकोला कळलं असावं, पण ती काही बोलली नाही.

अकराव्या दिवशी मोजून सोडलेल्या पाच रातकिड्यांपैकी दोन गायब होते. पळाले की पोटात गेले? घरभर कान लावून फिरलो. कपाटामागे जुनीच मंडळी किरकिरत होती आणि जवळ गेलं की लबाडासारखी गप्प होत होती. शेवटी काट्यानं निकाल दिला: ११२. महिनाअखेर ११६.

औषध थांबलं. आता रंगराव खातात, तेही आम्ही पाठ फिरवल्यावर. आई अजून रोज सकाळी पिंजऱ्यापाशी येते, दारात मिनिटभर थांबते. रंगराव जागचे हलत नाहीत, रंगही बदलत नाहीत.

"काम झालं," ती परवा म्हणाली, "आता साधी ओळखही दाखवत नाही मेला."