शिकागोचं उदाहरण देण्याआधी नकाशा उघडा

“शिकागोत पिस्तुलांवर अमेरिकेतली सर्वांत कडक बंदी, आणि खूनही तिथेच सर्वांत जास्त. ब्रिटनने 1997 मध्ये बंदी घातली आणि खून वाढले. लंडनने न्यूयॉर्कलाही मागे टाकलं. वॉशिंग्टनमध्ये बंदी उठली आणि खून घटले. गुन्हेगार कायदा पाळतच नाहीत, तर बंदी कशाला? सज्जनांच्या हाती पिस्तूल द्या.”

हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. पाठवणारे सगळे ओळखीचे आणि भले लोक आहेत. त्यातल्या काहींची मुलं अमेरिकेत शिकतात, त्यामुळे त्यांची काळजीही खरी आहे. म्हणूनच एकेक दावा नीट तपासू या.

शिकागोपासून सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. 1982 मध्ये शिकागोने नव्या पिस्तुलांची नोंदणी बंद केली. नोंदणीशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा होता, म्हणजे व्यवहारात ती बंदीच. जून 2010 मध्ये तिथल्याच ओटिस मॅकडॉनल्ड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की ही बंदी टिकणं शक्य राहिलं नाही. 2013 मध्ये तर परवाना घेऊन पिस्तूल कपड्यांआड बाळगायची मुभा देणारा कायदा इलिनॉय राज्याने केला. शिकागोत साडेसातशेहून अधिक खून झाले ते 2016 मध्ये. त्या खुनांचा दोष ज्या बंदीवर टाकला जातो, ती तोवर जाऊन सहा वर्षं झाली होती.

“सर्वांत जास्त” हेही फक्त आकडा मोजला तर. शिकागोची वस्ती सुमारे 27 लाख आहे. 2020 मध्ये तिथे दर लाख लोकांमागे साधारण 28 खून झाले, तर सेंट लुईसमध्ये 87 च्या आसपास. सेंट लुईस ज्या मिसुरी राज्यात आहे, तिथे 2017 पासून पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही. एवढ्या एका जोडीवरून मी निष्कर्ष काढणार नाही, कारण गरिबी, टोळ्या आणि पोलिसांवरचा अविश्वास हे सगळं त्यात आहे. पण जो निकष शिकागोला लावता, तो सेंट लुईसलाही लावा.

आता नकाशा. शिकागोच्या वेशीला लागून इंडियाना राज्य आहे आणि तिथले कायदे सैल आहेत. 2013 ते 2016 या काळात शिकागोत गुन्ह्यांच्या तपासात जप्त झालेल्या आणि मूळ विक्रीचा माग लागलेल्या बंदुकांपैकी सुमारे 60 टक्के इलिनॉयबाहेर विकल्या गेल्या होत्या. एकट्या इंडियानातून पाचवा हिस्सा आला होता. आपल्याकडे वर्ध्यात दारूबंदी आहे आणि शेजारच्या नागपुरात दुकानं उघडी आहेत. वर्ध्यात दारू पकडली गेली म्हणून कोणी “बंदीमुळे दारू वाढली” असं म्हणत नाही. सगळे विचारतात ते ‘माल कुठून आला’ हेच.

ब्रिटनच्या दाव्यासोबत एक आलेख फिरतो. त्यात 2002-03 मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या खुनांचा उंच सुळका दिसतो. पण त्या वर्षाच्या आकड्यात हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरचे 170 हून अधिक बळी धरले आहेत. त्याने ते अनेक वर्षांत, अफूजन्य औषधाची इंजेक्शनं देऊन मारले होते. चौकशीत ते उघड झाल्यावर एकदम नोंदले गेले. त्यांचा पिस्तुलाशी काही संबंध नाही. बंदीनंतर सुरुवातीची काही वर्षं बंदुकीचे गुन्हे वाढले, हे मात्र खरं आहे. पुढे ते उतरले.

लंडन-न्यूयॉर्कची तुलना 2018 च्या फेब्रुवारी-मार्चची आहे. वर्षाअखेर न्यूयॉर्कमध्ये जवळपास 300 खून झाले आणि लंडनमध्ये 140 हूनही कमी. लोकसंख्या दोन्हीकडे साधारण सारखीच. लंडनमधल्या चाकूहल्ल्यांचा प्रश्न गंभीर आहे, पण चाकू चालत्या गाडीतून लांबच्या माणसाचा जीव घेऊ शकत नाही.

वॉशिंग्टनचा दावा मला सर्वांत फसवा वाटतो. बंदी 1976 ते 2008 होती. 1991 मध्ये, क्रॅक कोकेनच्या लाटेत, तिथे सुमारे 480 खून झाले. 2008 पर्यंत हा आकडा 186 वर आला होता, म्हणजे मोठी घसरण बंदी असतानाच झाली. 2012 मध्ये 88 खून झाले आणि पोस्ट तिथेच थांबते. 2023 मध्ये मात्र 274 झाले. उलट बाजूनेही सांगतो. या बंदीनंतर बंदुकीने होणारे खून सुमारे चतुर्थांशाने घटले, असं 1991 च्या एका गाजलेल्या अभ्यासाने म्हटलं होतं. बंदी नसलेल्या बाल्टिमोरमध्येही तशीच घट दिसते, असा आक्षेप नंतर दुसऱ्या संशोधकांनी घेतला. त्यामुळे वॉशिंग्टनच्या बळावर मी माझीही बाजू मांडत नाही.

राहिला शेवटचा दावा, “गुन्हेगार कायदा पाळत नाहीत.” याला उत्तर कोलंबियातल्या काली आणि बोगोटा या शहरांनी दिलं आहे. नव्वदच्या दशकात तिथे पगारानंतरचे शनिवार-रविवार, सणसुट्ट्या आणि निवडणुकीच्या दिवशी बंदूक घेऊन फिरायला मनाई केली. परवानाधारकांनाही. पोलीस नाक्यानाक्यावर झडती घेत. मनाई नसलेल्या तशाच दिवसांशी तुलना केली, तर मनाईच्या दिवसांत कालीत खून 14 टक्क्यांनी आणि बोगोटात 13 टक्क्यांनी कमी निघाले. शहर तेच, टोळ्या त्याच, घराघरांतल्या बंदुकाही त्याच. पगार हातात पडलेल्या रात्री दारूच्या गुत्त्यावर भांडण पेटलं, तेव्हा कमरेला पिस्तूल नव्हतं एवढाच फरक. असा खून करणारा आदल्या दिवसापर्यंत गुन्हेगार नसतोही.

आणि सज्जनांच्या हाती पिस्तूल देण्याबद्दल. ब्रिटनची बंदी ज्या घटनेमुळे आली, ती 13 मार्च 1996 ची, स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतली. पाच-सहा वर्षांची 16 मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याकडची चारही पिस्तुलं परवान्याची होती.