ओसरी दिली, जोते गेले

नाशकात मिसळीविषयी जितकी मते आहेत, तितक्याच तिचे बिल करण्याच्या रीती आहेत, हे मिसळवाल्यांसाठी बिलाचे ॲप्लिकेशन लिहायला घेईपर्यंत मला ठाऊक नव्हते. गंगापूर रोडच्या मालकांना दोन पावांनंतरचा प्रत्येक पाव वेगळा लावायचा होता, तर पंचवटीतल्या मालकांना जादा रस्सा फुकट असूनही तो बिलावर छापून हवा होता (उपकार दिसले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे). प्रत्येकासाठी एकेक 'इफ' (असे असेल तर तसे कर, ही अट) वाढवता वाढवता माझ्या जावास्क्रिप्ट प्रोग्रामचा वाहतूक तुंबलेला द्वारका चौक झाला, तेव्हा मी प्लगइनची, म्हणजे बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामची, सोय करायचे ठरवले.

बिल तयार होण्याआधी आणि छापण्याआधी असे दोन हुक ठेवायचे, ज्याला जे हवे ते त्याने आपल्या फाइलीत लिहून तिथे अडकवायचे, आणि जावास्क्रिप्टच्या 2020 च्या मानकात आलेल्या डायनॅमिक इम्पोर्टने ती फाइल ॲप्लिकेशन चालू असतानाच आत घ्यायची, असा बेत होता. 'भटाला दिली ओसरी' ही म्हण पाठ असल्यामुळे मी प्लगइनच्या हाती केवळ बिल दिले आणि आतल्या सगळ्या दारांना कुलपे घातली.

गंगापूर रोडचे प्लगइन माझ्या भाच्याने लिहिले. त्याने दारांना स्पर्शही केला नाही, थेट जोत्यालाच हात घातला. एका वेब पानावरचे सगळे ॲरे, म्हणजे बिलातल्या ओळींसारख्या याद्या, आपले गुण एकाच सामाईक प्रोटोटाइपकडून, म्हणजे मूळपुरुषाकडून, घेतात. त्यावरच त्याने सोयीसाठी 'बेरीज' नावाचे फंक्शन चिकटवले. बिलातल्या ओळी एकामागून एक वाचायला मी 'फॉर-इन' हे आवर्तन वापरले होते, आणि ते घरच्यांबरोबर वारशाने आलेल्यांचीही नावे पुकारते. परिणामी रविवारी सकाळी, ऐन गर्दीत, प्रत्येक बिलावर मिसळ, पाव आणि दही यांच्याखाली 'बेरीज' हा नवा पदार्थ उमटू लागला. फंक्शनला किंमत नसते. त्या नसलेल्या किमतीला जावास्क्रिप्टने निमूटपणे गुणले आणि एकूण रकमेच्या जागी 'हा आकडा नव्हे' असे सांगणारी तीन इंग्रजी अक्षरे छापली. ती सलग वाचली की दुर्दैवाने 'नान' होतात.

"आम्ही पाव खाल्ले. नान कुणी मागवला?" असे एका आजोबांनी गल्ल्यावर विचारले, आणि मालकांनी तोच प्रश्न, आवाज चढवून, मला.

भाच्याला जाब विचारला, तर तो म्हणाला, "मामा, मूटूल्स लायब्ररीनेही ॲरेवर असंच 'फ्लॅटन' चिकटवलं होतं. जुन्या साइट मोडतील म्हणून 2019 च्या मानकात आलेल्या तशाच फंक्शनचं नाव बदलून 'फ्लॅट' ठेवावं लागलं." माहिती खरी होती, म्हणून संताप अधिक आला. "शिवाय ॲरेवर 'फॉर-इन' कुणी लिहिलं?" यावर मी रेंज गेल्याचे सांगून फोन ठेवला.

आता प्रत्येक प्लगइनला वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून अलग चालणाऱ्या खोलीत, वेगळे बिऱ्हाड थाटून दिले आहे. तिथे त्याचा प्रोटोटाइप त्याचाच, पानाला हात लावायची मुभा नाही, आणि बिलाची ये-जा केवळ निरोपाने. निरोपातून फंक्शन पाठवता येत नाही, हा नियम मला विशेष आवडला. दोन सेकंदांत उत्तर आले नाही, तर प्लगइन अनंत फेऱ्यात अडकले असे समजून मी वर्करच बंद करतो. तोच फेरा पानावर सुरू झाला असता, तर अख्खा गल्ला गोठला असता.

परवा गंगापूर रोडच्या मालकांचा पुन्हा फोन आला, तेव्हा छातीत धस्स झाले.

"बिलं बरोबर येताहेत," ते म्हणाले, "पण त्या रविवारपासून चौघांनी विचारलंय. नान ठेवायला हरकत नाही ना?"