फेसबुक पैसे घेणार का? त्या मेसेजबद्दल खुलासा

‘उद्यापासून फेसबुकला पैसे पडणार, हा मजकूर कॉपी करून आपल्या वॉलवर टाका म्हणजे सुटाल’ हा मेसेज पुन्हा फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. साफ खोटा आहे. वॉलवर काहीही डकवलं तरी खातं उघडताना मान्य केलेल्या अटी बदलत नाहीत. (शेवटी ‘फॉरवर्ड नको, कॉपीच करा’ असतं, तिथेच खरं तर शंका यायला हवी.)

गोंधळाला खतपाणी मिळतं ते युरोपातल्या खऱ्या बातमीमुळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने युरोपीय संघात पर्याय दिला: वेबवर महिना ९.९९ युरो, मोबाइल अ‍ॅपवर १२.९९ युरो भरा आणि जाहिरातींविना वापरा. नाहीतर तुमच्या माहितीवर बेतलेल्या जाहिराती पाहत फुकट वापरा. म्हणजे तिथेही सक्ती नव्हतीच. वर्षभराने दर ५.९९ आणि ७.९९ युरोवर आले. तरीही एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, मेटाला २० कोटी युरोंचा दंड ठोकलाच. आक्षेप पैशांवर नव्हता. कमी माहिती वापरणारी, पण तितकीच चांगली सेवा निवडायची सोय लोकांना दिली नाही, यावर होता.

आपल्याकडे पैसे भरून मिळणारी निळी टिक, ‘मेटा व्हेरिफाइड’, ही वेगळी गोष्ट. ती घेतली तरी जाहिराती दिसतातच.