लोखंडेबाधेपासून कारखाना कसा वाचवाल?

वेंगुर्ल्याकडे काजूचा कारखाना टाकताय म्हणे? अभिनंदन. कर्ज झालं, शेड उभी राहिली, रवळनाथाला नारळ दिलात, गाऱ्हाणंही घातलंत. फक्त एका बाधेवर गाऱ्हाण्याचा उतारा चालत नाही. नारायण मेघाजी लोखंडे. माणूस १८९७ च्या प्लेगात गेला, तरी जपलेलं बरं. आणि परका म्हणावा तर तोही नाही. जन्म १८४८ चा, ठाण्यातला. सरकारी हिशेबाने कोकण विभागच.

ही बाधा गोदामातून शिरते. लोखंडे मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर होते. मालाचा हिशेब लिहिता लिहिता माणसांचा लिहू लागले. पुढे 'दीनबंधु'चे संपादक झाले, १८८४ मध्ये 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' काढली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम साडेसहा ते सूर्यास्त, पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत मजुरी. उद्या म्हणतील, संडासाला दार लावा.

तेव्हा पगार देऊच नका, किलोवर द्या. किलोची गंमत अशी की सुट्टी नाकारावी लागत नाही. बाई स्वतःच घेत नाही. आमच्या शेजारच्या काकी रविवारीही सकाळी पायरीवर बसून बोटांना राख चोळतात. टरफलाचा चीक लागून नखांच्या कडा काळ्या पडल्यात, चार बोटांची सालं गेलीत. म्हटलं, काकी, आज आयतवार. म्हणाल्या, "घराक बसलंय तर पैशे कोण देतलो?" बघा, कुणी जबरदस्ती केली? वर गर अख्खा निघाला तरच पूर्ण भाव, तुकडा पडला की कापायचा. हातमोजे मात्र देऊ नका. मोजे घालून हात मंदावतो, असं कारखानदार सांगतात. त्यांनी कधी बी फोडून पाहिली असेलच.

१ मे ची काळजी नको. तो महाराष्ट्र दिनही आहे. झेंडा लावा, जिलेबी वाटा, कामगार हा शब्द काढायची गरजच पडत नाही.

बायका एकत्र बसतात तिथे मात्र मोठ्याने रेडिओ लावून ठेवा. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन बायका उठून बोलल्या. दीड महिन्यात, १० जूनला, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. त्या गिरण्यांत राबायला आपल्या रत्नागिरीचीच माणसं ढिगाने गेली होती, म्हणजे सवय रक्तात असणार. गणपतीत नाही का, न विचारता तुमची शेड रिकामी होते? तेव्हा तुम्हीही आरतीला टाळ घेऊन उभे असता, त्यामुळे बोलता येत नाही.

बाकी यंत्र चांगलं घेतलंत, शेडही हवेशीर. फक्त गोदामात वजनं लिहायला ठेवलेला तो बारावी झालेला पोरगा दुपारी दुसऱ्याच वहीत काय लिहीत बसतो, ते जरा बघून या. काकीही हल्ली त्याच्याकडे आपले किलो पुन्हा मोजून घेतात.