‘शंभरातले साठ विद्यापीठच खातं’ : या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, त्यामुळे उत्तरही दोन ओळींत आटोपणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अमेरिकी विद्यापीठं संशोधकाच्या ग्रँटमधले, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानातले, शंभरातले साठ डॉलर ‘ओव्हरहेड’ (वीज, इमारत, कारभार असा सामाईक खर्च) म्हणून वरच्यावर मटकावतात. खासगी फाउंडेशनं जेमतेम दहा टक्के देतात, तेही ती निमूट घेतात. मग सरकारनं जास्त का मोजावेत? शिवाय मी विद्यापीठांची वकिली करतो.

आधी तो साठचा आकडा. हा साठ टक्क्यांचा दर थेट खर्चाच्या, म्हणजे त्या एका प्रोजेक्टवरच होणाऱ्या खर्चाच्या, वर लागतो आणि तोही सगळ्या थेट खर्चावर नाही. महागडी उपकरणं, विद्यार्थ्यांची ट्यूशन असे भाग आधी वगळतात. समजा थेट खर्च 2,00,000 डॉलर आहे. त्यात 50,000चा मायक्रोस्कोप आणि 30,000 ट्यूशन. उरले 1,20,000. त्यांचे साठ टक्के, म्हणजे 72,000. सरकार देतं 2,72,000 आणि त्यातलं ओव्हरहेड होतं साधारण 26 टक्के. साठ कुठे नि सव्वीस कुठे!

आता हे 72,000 कशाचे? रसायनाच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूडचा (विषारी वाफा खेचून घेणाऱ्या कपाटाचा) पंखा हवा सतत बाहेर ओढतो आणि तितकीच हवा पुन्हा तापवून किंवा थंड करून आत घ्यावी लागते. त्या विजेचं बिल कुठल्या प्रोजेक्टच्या नावावर टाकायचं? घातक कचऱ्याची विल्हेवाट, इमारतीचा घसारा, ग्रँटचा हिशेब ठेवणारी माणसं, सगळ्याचं तेच. म्हणून विद्यापीठ खोलीवार नोंद करतं : अमुक खोली इतके टक्के संशोधनाला, इतके शिकवायला. मग आधीच झालेल्या खर्चाचे कागद घेऊन सरकारशी वाटाघाटी होतात आणि दर ठरतो. ही खोल्या मोजायची कटकट ज्यांच्या गळ्यात पडते, त्यांना विचारा.

तुमचा संशय मात्र हवेतला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ओव्हरहेडच्या हिशेबात याटचा (चैनीच्या बोटीचा) घसारा आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरातली फुलं निघाली, 1991 मध्ये अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, समितीसमोर पार शोभा झाली. त्याच वर्षी दरातल्या प्रशासकीय खर्चाच्या भागावर 26 टक्क्यांची मर्यादा आली आणि ती आजही आहे. त्यावरचा खर्च विद्यापीठाच्या खिशातून जातो. इमारती आणि विजेच्या भागाला अशी मर्यादा नाही. इमारती बांधायचा सोस कुठून येतो, याचं थोडं उत्तर तिथे आहे.

मला स्वतःला खटकतं ते वेगळंच. बहुतेक ठिकाणी कॅम्पसवरच्या संशोधनाला एकच दर लागतो. कागद-पेन्सिलवर काम करणारा गणितज्ञ आणि फ्यूम हूडवाला रसायनज्ञ एकाच मापात! आणि हे पैसे पुढे कुठे गेले, ते प्राध्यापकाला कुणी धड सांगत नाही. मग तो चिडतो, यात नवल ते काय.

फाउंडेशनांचा मुद्दा. सरकारी ग्रँटमध्ये थेट म्हणून चालत नाहीत असे काही खर्च अनेक फाउंडेशनं थेट धरू देतात, म्हणून त्यांचे दहा आणि सरकारचे साठ एका तराजूत बसत नाहीत. तरीही तूट राहतेच आणि तिथे विद्यापीठ पदरमोड करतं. अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधनखर्चाचा सुमारे पाव भाग त्यांच्याच पैशांतून येतो. फाउंडेशनांच्या जोडीला सरकारही दहा-पंधरावर आलं, तर ही पदरमोड श्रीमंत विद्यापीठं काही वर्षं रेटतील. लहान सरकारी विद्यापीठं प्रयोगशाळाच बंद करतील. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचनं (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनं) ओव्हरहेडचा दर सरसकट 15 टक्के जाहीर केला, तेव्हा विद्यापीठं आणि राज्यं कोर्टात धावली ती याच धास्तीनं, आणि कोर्टानं तो निर्णय अडवला.

एक चूक माझीही. आधीच्या लेखात ‘ग्रँटमधून साठ टक्के कापतात’ असं मीच लिहिलं होतं. ‘कापतात’ हा शब्द चुकला. तुमचा अर्धा राग त्यातूनच आला असावा. तिथे ‘थेट खर्चाच्या ठरावीक भागावर वर आकारतात’ असं केलं आहे. वाक्य अवजड झालं, पण राहू दे.