‘जवळ विकलं की प्रदूषण कमी’? द्राक्षांचा हिशेब वेगळं सांगतो

नाशिकची द्राक्षं युरोपला धाडणारी पुरवठा साखळी शाश्वत असूच शकत नाही, असं सांगणारा मजकूर सध्या फिरतोय. त्यात तीन मुद्दे आहेत.

‘अंतर वाढलं की प्रदूषण वाढतं.’ अंतराआधी वाहन बघा. एक टन माल एक किलोमीटर नेताना ढोबळमानाने जहाज १५ ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, ट्रक १०० च्या आसपास, विमान ७०० ते ८००. मुंबईजवळचं न्हावाशेवा बंदर ते नेदरलँड्समधलं रॉटरडॅम बंदर सुएझमार्गे सुमारे ११,७०० किमी, म्हणजे टनामागे १७५ ते २३५ किलो. नाशिक ते दिल्ली ट्रकने साधारण १,३०० किमी, म्हणजे १३० किलो. नाशिकहून बंदरापर्यंतच्या ट्रकचे २० किलो मिळवले तरी नऊपट लांबचा माल दुपटीला पोचत नाही. (शीतयंत्राचं प्रदूषण दोन्हीकडे यात धरलेलं नाही.) मात्र २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्या मार्गाने जहाजाचा आकडा टनामागे ३०० ते ४०० किलोंवर जातो, हे मान्य करायलाच हवं. आणि माल विमानाने गेला तर मूळ दावा शंभर टक्के खरा.

‘शीतसाखळी म्हणजे विजेची उधळपट्टी.’ उलट, माल शेतापासून दुकानापर्यंत गार ठेवणारी ही साखळी तुटली की खरी उधळपट्टी होते. रीफर (शीतयंत्र असलेला) कंटेनर माल गार करत नाही, गार माल फक्त गार ठेवतो. म्हणून काढणीनंतर काही तासांतच प्रीकूलिंग (पाठवण्याआधी माल गार करणं) करून मण्याच्या आतलं तापमान शून्याजवळ आणावं लागतं. उशीर झाला की देठ सुकून तपकिरी पडतात. मधेच तापमान हललं की पेटीत दव धरतं, ग्रेपगार्डमधून (बुरशी रोखायला पेटीत ठेवलेल्या कागदातून) सल्फर डायऑक्साइड एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात. १,००० किलो भरून ९०० किलोच विकले गेले, तर खत, पाणी, डिझेल सगळं त्या ९०० ने भागायचं. जी मूल्यमापनं भरलेल्या वजनावरच थांबतात, ती तिथेच फसतात.

‘निर्यात थांबली की पाणी वाचेल.’ एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (द्राक्ष काढणीनंतर नव्या काड्यांसाठी होणारी छाटणी), ऐन टंचाईत, वेलीला पाणी लागतंच. घड पुढे दुबईला जावो की दादरला. शेततळं पावसाने भरतं की बोअर उपसून, हे विचारा. बोअरचं पाणी उघड्या तळ्यात साठवलं की त्यातलं काही उन्हात उडून जातं. निर्यातीच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. पंपाचं वीजबिल, टँकरच्या पावत्या आणि उन्हाळ्यातली बोअरची पातळी मागा.