‘सही आहे’ म्हणून भाव चढत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वाईच्या वाड्यातल्या लक्ष्मीच्या तसबिरीला मी ‘फार तर काही हजार’ म्हटलं, ते आपल्याला खटकलं. चित्रावर राजा रविवर्म्यांची सही आहे, तसंच चित्र ऑनलाइन दीड लाखाला लावलंय, आणि असे भाव पाडून सांगितल्यामुळेच घरोघरचा ठेवा भंगारात जातो, असं आपण लिहिलंत. भंगाराची काळजी मलाही आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

आधी सही. ती मूळ चित्रातली, चित्राबरोबर दगडावर उतरून छापलेली आहे. म्हणजे प्रत्येक प्रतीवर तीच. रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. रविवर्मा 1906 मध्ये गेले, छपाई चालूच राहिली. अलीकडच्या ऑफसेट नकलांवरही ती सही असतेच, कारण जुन्या छापाचा फोटो घेऊनच त्या काढतात.

म्हणून सही सोडा, 10 पटीचं भिंग देवीच्या गालावर धरा. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या जुन्या छपाईत, ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात, कारण ते कारागिरानं दगडावर हातानं दिलेले असतात. रंगागणिक दगड वेगळा, त्यामुळे गालाचा गुलाबी हा गुलाबी शाईचाच असतो. ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चारच शायांच्या ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. ओठांचा लाल रेषेबाहेर गेलाय एवढ्यावर मात्र भिस्त ठेवू नका. रंग दोन्ही छपायांत सरकतात. हाताला कॅनव्हासची वीण लागली म्हणून ते तैलचित्रही ठरत नाही. ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापावर, तसा पोत दाबून उठवत आणि वर वॉर्निश देत.

आता भाव. लक्ष्मी आणि सरस्वती सर्वांत जास्त खपल्या, त्यामुळे आजही त्याच जास्त सापडतात. वाईच्या प्रतीचा खालचा समास चौकटीत बसवताना कापलाय आणि छापखान्याचं नाव त्याच्याबरोबर गेलंय. जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं. दीड लाख ही विकणाऱ्यानं मागितलेली रक्कम आहे. तेवढ्याला माल गेला का, ते लिलावाच्या निकालात बघावं. समास शाबूत, नाव वाचता येतंय, कसर लागलेली नाही, वर जुनं जरी-टिकल्यांचं काम आहे, अशी प्रत निघाली तर मी स्वतः वरचा भाव सांगेन.

आपली सांगलीची तसबीर 2019 च्या पुरात भिजली आणि फ्रेमवाल्यानं ओल्या फडक्यानं पुसून दिली, असंही आपण लिहिलंय. त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. ओलीनं वॉर्निश पांढुरकं होतं, काचेला चिकटतं आणि ओढलं की चेहऱ्याचा रंग काचेवर येतो. चित्र काचेला धरलेलं दिसलं तर फ्रेम उघडूच नका. कागदाचं जतन करणाऱ्याकडे काचेसकट न्या. सुटं असेल तर मागची लाकडी फळी काढा, कारण तिच्यातलं आम्ल कागद तपकिरी आणि ठिसूळ करतं. तिच्या जागी आम्लविरहित पुठ्ठा द्या आणि काच व चित्र यांच्यामध्ये माउंटची (पुठ्ठ्याच्या आतल्या चौकटीची) फट ठेवा. समास आत जात नसेल तर कापू नका, चौकट मोठी करून घ्या.